बर्फातली दुहेरी किनार

हिल्काची गाडी वाकडी चालते हे सगळ्या गावाला हिल्काच्या आधी कळलं होतं. पण गाव पडलं सावो प्रांतातलं. सावोतला माणूस शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी तोंडाने 'आग' म्हणायचा नाही. कुंपणापाशी उभा राहील, टोपी मागे सारील आणि म्हणेल, "आज तुमच्याकडे ऊब जरा जास्त दिसतेय." त्यामुळे हिल्काला कुणी काही सांगितलं नाही. फक्त ऑक्टोबर अर्धा सरला तसे सगळे अचानक तिच्या डोळ्यांविषयी बोलायला लागले.

दुकानात काउंटरवरची बाई म्हणाली, "यंदा गाजरं खूप आली आहेत, हिल्का. गाजर डोळ्यांना फार चांगलं." चर्चच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, की हल्ली रस्तेच फार अरुंद बांधतात. आणि शेजारची मार्ता, पेंटीची बायको, जिच्याबरोबर हिल्का शाळेत एकाच बाकावर बसली होती, ती कॉफीत साखरेचा खडा बुडवत म्हणाली, "पेंटीच्या चुलत बहिणीनं मोतीबिंदू काढला. आता तिला आपल्याच घरातली धूळ दिसते आणि ती फार दुःखी आहे."

"मग नव्हता काढायचा," हिल्का म्हणाली. तिचं वय एकोणऐंशी होतं आणि काळ्या ताण्यातला तुटलेला काळा धागा ती अजून दिव्याशिवाय शोधायची. चाळीस वर्षं तिने आसपासच्या गावांतल्या बायकांना मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायला शिकवलं होतं. तिच्या डोळ्यांना गाजराची गरज नव्हती.

गाडीत काहीतरी बिनसलंय हे मात्र तिलाही जाणवत होतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर जाऊ पाहायची. तिला सरळ न्यायचं तर स्टिअरिंग जरा उजवीकडे दाबून धरावं लागायचं. त्याच्या मधलं चिन्ह सदान्‌कदा कलंडलेलं, लग्नातून उशिरा घरी निघालेल्या माणसाच्या टोपीसारखं. तिने गाडी शहरातल्या टायरवाल्याकडे नेली. त्याने पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून दिली. दोन दिवसांनी ती परत गेली, कारण टोपी अजून कलंडलेलीच होती. त्याने पुन्हा मशीन लावलं, पुन्हा म्हणाला, "पुढची चाकं अगदी बरोबर आहेत. टायरही सारखे झिजलेत. गाडी जुनी आहे, आणि..." आणि तो योग्य जागी थांबला. तोही सावोतलाच.

गाडी जुनी होती हे खरंच. निळी, लांब पाठीची, पिकल्या ब्लूबेरीच्या रंगाची. म्हणून टाउनोने तिचं नाव ठेवलं होतं मुस्तिक्का, म्हणजे ब्लूबेरीच. टाउनो हिल्काचा नवरा. पाच लाखावा किलोमीटर पडला तेव्हा त्याने भर रस्त्यात गाडी कडेला घेतली, थर्मास काढला, दोन पेले बॉनेटवर ठेवले आणि टोपी काढून मुस्तिक्काला म्हणाला, "मंडळ आभारी आहे." हसून हसून हिल्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो कॉफीचा डाग बॉनेटवर अजून होता. किंवा तो गंज असेल, पण हिल्का त्याला कॉफीच म्हणायची. पुढच्या वर्षी टाउनो गेला. मुस्तिक्का राहिली.

नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, हिल्का आणि तिचा मुलगा इस्मो कबरस्तानात टाउनोच्या दगडापाशी मेणबत्ती लावून आले. इस्मो शहरात खिडक्या विकायचा, त्याची स्वतःची गाडी होती आणि येताना तो तिच्या मागून आला. घरात शिरल्यावर त्याने कोट काढला नाही. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"आई, मी तुझ्या मागून येत होतो."

"दिसलं आरशात. शेपटाला चिकटून येत होतास."

"मला तुझं दार दिसत होतं."

"कुठलं दार?"

"तुझ्या बाजूचं. सरळ रस्त्यावर! सरळ जाणाऱ्या गाडीचं मागून फक्त ढुंगण दिसतं, आई. मला तुझं दार दिसलं, दाराची मूठ दिसली आणि दारात अडकलेलं तुझ्या कोटाचं टोक दिसलं. तू कुत्र्यासारखी तिरकी चालवतेस."

सावोतल्या माणसाने इतकं सरळ बोलावं म्हणजे प्रकरण गंभीर. हिल्काने किटली खाली ठेवली.

"मी सरळ चालवते. गाडी वाकडी आहे."

"गाडी दोनदा तपासून आली. ते म्हणाले, सगळं बरोबर. नाचता येईना, अंगण वाकडं!"

इस्मोने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर, बनच्या ताटलीशेजारी ठेवला. शहरातल्या फ्लॅटचं चित्र होतं त्यावर. "चांगली जागा आहे. मध्यवर्ती हीटिंग. लिफ्ट आहे."

"लिफ्ट काय करायची? मला एकदाच वर जायचंय, आणि त्याला लिफ्ट लागत नाही."

"थट्टा नको. मंगळवारी तुझी डॉक्टरांकडे वेळ आहे ना, लायसनच्या दाखल्याची? मी येणार बरोबर. ते विचारतात, घरच्यांना काही शंका आहे का. मी खोटं नाही बोलणार."

तो गेल्यावर हिल्काने कागद उचलून पाहिला. खोलीचं माप दिलं होतं. तिने नजरेनेच मागाची लांबी त्यात घालून पाहिली. माग मावत नव्हता. पलंग काढला तरी मावत नव्हता. बस गावातून कधीच बंद झाली होती. लायसन गेलं तर या घरात राहणं संपलं, आणि घर संपलं तर माग संपला. मार्ताचंही संपलं, कारण पेंटीने छातीच्या दुखण्यापायी गाडी विकल्यापासून दुकान, दवाखाना आणि गुरुवारचा शहरातला पोहण्याचा तलाव, सगळीकडे त्या दोघांना मुस्तिक्काच न्यायची. तिने तो कागद चुलीत घातला. चांगला गुळगुळीत कागद, नीट जळलाही नाही.

रविवारी रात्रभर बर्फ पडलं. सोमवारी सकाळी हिल्का मार्ताकडे यीस्ट आणायला गाडी घेऊन गेली. चालत गेली असती, पण उद्या लायसन जाणार असेल तर आज गाडी वापरून घ्यावी, असा एक हट्ट तिच्या मनात होता. परत येऊन ती अंगणात उतरली, दार लावलं आणि मागे वळून पाहिलं.

रस्त्यावर तिच्याआधी कुणी गेलं नव्हतं. जातानाच्या ठशांपासून बाजूला, फाटकापासून अंगणापर्यंत पांढऱ्याशुभ्र बर्फात मुस्तिक्काच्या चाकांच्या दोन रेघा आल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेला उजव्या बाजूने दुसरी किनार होती. पुढच्या चाकाच्या ठशाबाहेर मागचं चाक चांगलं चार बोटं उजवीकडून आलं होतं. फाटकापासून अंगणापर्यंत अगदी एकसारखं. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

हिल्का तिथेच उकिडवी बसली. गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ऐकली नाही.

असं कापड तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. विणणारीचा हात वाकडा असेल तर किनार नागमोडी येते. आत-बाहेर, आत-बाहेर, जशी बाई हसेल-रुसेल तशी. पण किनार सरळ आणि सगळी सतरंजीच तिरकी असेल, तर बाईला दोष नाही. मागाची मागची तुळई काटकोनात नाही. अशा वेळी नवशिक्या बिचाऱ्या पुढून ओढून ओढून कापड सरळ करायला बघतात. शहरातल्या टायरवाल्यानेही तेच केलं होतं. पुढची तुळई दोनदा तपासली, मागे कुणी गेलंच नाही.

"मागे!" हिल्का मोठ्याने म्हणाली. एक कावळा उडाला.

तिने मार्ताला फोन केला. मार्ता आणि पेंटी पायी आले. पेंटीच्या हातात सवयीने हातमोजे आणि तोंडात सवयीने मत होतं. पेंटीने आयुष्यभर दुधाचा ट्रक चालवला होता, आणि स्वतःची गाडी विकल्यापासून त्याला सगळ्यांच्या गाड्यांतलं सगळं कळायला लागलं होतं.

"बर्फ बसतं," त्याने ठसे बघून निदान केलं. "उजवीकडे जमीन उतरती आहे. बर्फ खाली सरकतं."

"चार बोटं? ओळीनं? फाटकापासून?"

"नाहीतर वारा. लांब पाठीच्या गाडीला वारा ढकलतो."

"वारा आहे कुठे, पेंटी?" मार्ता म्हणाली.

पेंटीने नाक वर करून पाहिलं. वारा नव्हता. मग त्याने घसा साफ केला आणि हिल्काकडे न बघता, कावळा बसला होता त्या झाडाकडे बघत म्हणाला, "माणसाचं वय झालं की हात आपोआप एका बाजूला जातो, म्हणतात. माझ्या मामाचा जायचा."

"असं!" हिल्का म्हणाली. "म्हणजे गाजरं, मोतीबिंदू, अरुंद रस्ते, हे सगळं त्यासाठी होतं तर. महिनाभर मला वाटतंय, या गावाला डोळ्यांची साथ आली की काय."

मार्ताने मफलर तोंडापर्यंत ओढला. "आम्हाला वाटलं तुला कळेल."

"कसं कळेल? तू मला पेंटीच्या बहिणीची धूळ सांगितलीस!" हिल्काने किल्ली पेंटीच्या पुढे धरली. "बस. चालव. अंगणात लायसन लागत नाही."

पेंटीचा चेहरा असा उजळला, की मार्ताने लगेच म्हटलं, "हळू. तुझी छाती." तो बसला, खुर्ची मागे सारली, आरसा आपल्यासाठी लावला, जणू तो दूध घेऊन निघालाय, आणि मुस्तिक्का कोठाराच्या पलीकडच्या कोऱ्या बर्फावरून सरळ रेघेत सॉनापर्यंत, तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, नेऊन उभी केली. तिघेही ठसे बघायला गेले.

चार बोटं. उजवीकडे. अगदी एकसारखी.

"अरे देवा," मार्ता म्हणाली. "पेंटी, तुझेही डोळे गेले."

मग पेंटीने मतं गुंडाळून ठेवली आणि कामाला लागला, आणि कामाला लागल्यावर तो वाईट माणूस नव्हता. हिल्काने मागावरचा ताण्याचा पीळदार सुती दोरा आणला. असा दोरा की ताणला तर तारेसारखा वाजतो. स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या बर्फात आल्या. गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मधोमधच्या उंचीवर, एकेक दोरा पुढून मागे ताणला. तो गाडीशी समांतर बसेपर्यंत खुर्च्या इकडे-तिकडे सरकवल्या. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण पेंटी दर वेळी आपल्या खुर्चीला धडकायचा. मग हिल्का शिवणकामाची टेप घेऊन बर्फात गुडघ्यांवर बसली आणि प्रत्येक चाकाची पुढची कड दोऱ्यापासून किती लांब, मागची कड किती लांब, ते बघत गेली.

पुढची दोन्ही चाकं सरळ होती. टायरवाला खोटं बोलला नव्हता. मागचं उजवं चाक पुढच्या कडेने दोऱ्याकडे झुकलेलं. मागचं डावं चाक पुढच्या कडेने दोऱ्यापासून दूर पळालेलं. जेवढं हे झुकलेलं, तेवढंच ते पळालेलं.

"दोघीही एकाच बाजूला बघतायत," हिल्का म्हणाली, "रुसलेल्या बहिणींसारख्या."

"म्हणून टायर झिजले नाहीत," पेंटी हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "एक इकडे, एक तिकडे ओढत असती तर रबर सोलून निघालं असतं. दोघी मिळून एकीकडे चालल्यात. गाडीचं बूड एकीकडे चाललंय आणि तू बिचारी पुढून उजवीकडे धरून धरून तिला रस्त्यावर ठेवतेयस. अख्खा ॲक्सल फिरलाय, हिल्का. दोन्ही बाजूंची लांबी माप. पुढच्या चाकाच्या मधोमध ते मागच्या."

डावीकडे मापलं. उजवीकडे मापलं. उजवी बाजू दोन बोटं लांब होती. हिल्काने टेप बर्फात टेकवली आणि गाडीच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला. उजवं मागचं चाक आपल्या जागेपासून मागे गेलं होतं. कुणीतरी मागून धरून ओढल्यासारखं.

नेमका त्याच वेळी इस्मो आला. आईला समजावायला आणि उद्या डॉक्टरांकडे न्यायला त्याने दोन दिवसांची रजा काढली होती. त्याने फाटकातून पाहिलं ते असं : अंगणात आईची गाडी, गाडीभोवती मागाचा दोरा, दोऱ्याच्या टोकांना स्वयंपाकघरातल्या खुर्च्या, एका खुर्चीवर मार्ता वजन म्हणून बसलेली, आणि आई गाडीच्या कुशीत तोंड घालून बर्फात गुडघ्यांवर.

"आई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, जसं आजाऱ्याशी बोलतात. "आत चल. थंडी आहे."

"इस्मो, बरं झालं आलास. गाडीखाली जा."

"काय?"

"मागचा ॲक्सल फिरलाय. खाली जाऊन कुणीतरी बघायला हवं. पेंटीचं पोट मावत नाही आणि मी गेले तर परत येणार नाही."

"आई, कुणी सांगितलं तुला की ॲक्सल..."

"तुझ्या वडिलांच्या जुन्या कामाच्या पाटलोणी कोठारात आहेत," हिल्का म्हणाली. "घाल एखादी."

इस्मोने पेंटीकडे पाहिलं. पेंटीने झाडाकडे पाहिलं. मार्ता खुर्चीवरून म्हणाली, "जा बाबा. पेंटीनं चालवली तरी चारच बोटं पडतात. माझं बूड गोठलंय." आणि इस्मो, जो आला होता आईला तिचं म्हातारपण समजावून सांगायला, तो टाउनोची पाटलोण घालून, जॅक लावून, चाकाखाली लाकडाचे ठोकळे सारून पाठीवर गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे बूट राहिले.

"उजवीकडे बघ," पेंटीने वरून सांगितलं. "ॲक्सलचा तो दांडा पुढे जिथे गाडीला जोडलाय, तिथे रबराचा बुश असतो."

"बुश फाटलाय," इस्मोचा आवाज आला. "अगदी चिरफाळ्या झाल्यात. दांडाही वाकलाय. हा तर..."

आणि आवाज थांबला.

हिल्का त्याच्या बुटांकडे बघत होती. लहानपणापासून तिला या मुलाचं सगळं पायांवरून कळायचं. बूट जे सहज दोन बाजूंना पडले होते, ते हळूहळू एकमेकांजवळ आले, टाचा जुळल्या, जसे शाळेत मास्तरांनी नाव घेतल्यावर जुळायचे.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही नाही. म्हणजे... इथे एक दोर आहे."

"कसला दोर?"

"तुकडा. दांड्याभोवती गाठ मारलेला. निळा."

तिघांनीही माना वळवल्या. तळ्याकडेला, कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवलेला लाकडी धक्का तिथून स्पष्ट दिसत होता. उन्हाळ्यात ज्यावरून सॉनातून पाण्यात उडी मारतात आणि ज्यावर बसून सतरंज्या धुतात, तो. गोठण्याआधी दर शरदात तळ्यातून बाहेर ओढावा लागणारा. टाउनो तो पाइनच्या झाडाला बांधलेल्या हाताच्या रहाटाने ओढायचा. अख्खा दिवस लागायचा. मध्ये तीनदा कॉफी व्हायची. यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला इस्मो आला आणि हिल्का पायी चर्चला गेली असताना त्याने तो एकट्याने तासाभरात काढून ठेवला होता. आणि धक्क्याच्या कडीला निळ्या नायलॉनच्या दोराचा उरलेला तुकडा अजून लोंबत होता, चाकूने कापलेला.

हिल्काला आता सगळं एकेक करून आठवलं. ती चर्चमधून आली तेव्हा तो म्हणाला होता, "सहज निघाला." दुसरा कप कॉफी घेतली नव्हती. सॉना तापवला होता तरी न थांबता शहरात गेला होता. इस्मोने आयुष्यात सॉना तीनदा नाकारला होता : एकदा टाउनोची सायकल तळ्यात बुडवली तेव्हा, एकदा चर्चच्या खिडकीची काच फोडली तेव्हा, आणि यंदा ऑक्टोबरात. तिने त्या संध्याकाळी मनाशी म्हटलंही होतं, याचं काहीतरी झालंय. मग तिला वाटलं, खिडक्या खपत नसतील.

"इस्मो," ती म्हणाली, "तो दोर तिथे कुणी बांधला असेल?"

गाडीखालून बराच वेळ नुसती वाफ आली.

"असं म्हणता येईल," इस्मो म्हणाला, "की एखाद्याला टोचनचा हुक सापडला नसेल. गंजून गळून पडला असेल तो. आणि एखाद्याला वाटलं असेल की ॲक्सल म्हणजे मजबूतच असणार."

"आणि धक्का?"

"धक्का माणसाला वाटतो त्यापेक्षा चिखलात जास्त रुतलेला असू शकतो."

"किती जोर लावला असेल त्या एखाद्यानं?"

"पहिल्यांदा थोडा." एक बूट बर्फात घसटला. "मग थोडं मागे येऊन जोरात झटका देऊन." दुसरा बूटही घसटला. "पण गाठ चांगली मारली होती. गाठ सुटली नाही. कापावी लागली."

"गाठ टिकली," मार्ता खुर्चीवरून म्हणाली, "ॲक्सल नाही टिकला."

आणि तेव्हा पेंटीने कपाळावर हात मारला. "अरे! मी होतो की तिथे! कुंपणापाशी उभा होतो. मी सांगितलं होतं याला!"

"काय सांगितलंत तुम्ही, पेंटीकाका?" गाडीखालचा आवाज चिडला. "तुम्ही म्हणालात, 'दोर चांगला दिसतोय.'"

"मग? म्हणजे काय? दोर चांगला दिसतोय, म्हणजे जिथे बांधलायस ती जागा चांगली दिसत नाही! आणि जाताना म्हणालो, 'टाउनोकडे रहाट होता.' याहून स्पष्ट माणसानं काय बोलायचं? ओरडायचं का?"

"मला वाटलं तुम्ही बाबांची आठवण काढताय!"

"काढत होतोच!"

हिल्का गुडघ्यांवरून उठली. मार्ताने तिला हात दिला आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं मात्र, साठ-सत्तर वर्षांपूर्वी वर्गात व्हायचं तसं झालं. एकीला हसू फुटलं की दुसरीला आवरायचं नाही. मार्ता खुर्चीसकट बर्फात कलंडली, खुर्चीबरोबर दोरा सुटला, दोरा पेंटीच्या पायात गेला. इस्मो गाडीखालून "काय झालं? काय झालं?" विचारत राहिला आणि त्याला बराच वेळ कुणीही काही सांगितलं नाही.

शेवटी तो बाहेर आला. केसांत चिखल, हातात निळ्या दोराचं कडं. पन्नाशी उलटलेला माणूस वडिलांच्या आखूड पाटलोणीत उभा.

"आई," तो म्हणाला. "अंगण..."

"वाकडंच होतं," हिल्का म्हणाली. "चल, सॉना तापवते. मागच्या वेळचा राहिलाय तुझा."

मंगळवारी डॉक्टरांकडे जाताना हिल्काने मुस्तिक्काची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "तू चालव. तिथून परस्पर रेइयोच्या गॅरेजला द्यायचीय. माझे हात दुखतात धरून धरून." इस्मोला नाही म्हणायला जागा नव्हती. चाळीसच्या पुढे जाऊ नकोस, असं पेंटीने बजावलं होतं, आणि या वेळी सरळ शब्दांत.

तरुण डॉक्टरीणबाईंनी हिल्काला अक्षरं वाचायला लावली. हिल्काने सगळ्यात खालची, छापखान्याच्या नावाची ओळही वाचून दाखवली. मग डॉक्टरीणबाई इस्मोकडे वळल्या. "घरच्यांना काही शंका?"

इस्मोच्या बुटांच्या टाचा जुळल्या.

"आई सरळ जाते," तो म्हणाला. "तिला कुणी वाकडं केलं तरी ती सरळ जाते." डॉक्टरीणबाईंना हे जरा जास्त वाटलं असावं, पण त्यांनी सही केली.

येताना तो शिट्टी वाजवत होता. तो गावातून मुस्तिक्का घेऊन निघाला, स्टिअरिंग उजवीकडे दाबून, हळूहळू, कारण रस्ता निसरडा होता. चर्चवरून, शाळेवरून, दुकानावरून, जिथे पोर्चमध्ये चार-पाच जण नेहमीप्रमाणे हवा बघत उभे होते. शेजारी हिल्का मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. तिने आरशात पाहिलं. पोर्चमधली सगळी डोकी एकदम गाडीच्या मागे वळली आणि मग एकमेकांकडे वळली. तिने पर्सचा पट्टा सरळ केला.

रेइयोने एका भंगार गाडीतून मागचा अख्खा ॲक्सल काढून बसवला, नवे बुश घातले. शुक्रवारी गाडी घरी आली. स्टिअरिंगवरचं चिन्ह पूर्वीसारखं ताठ, रविवारच्या टोपीसारखं. पहिल्या दिवशी हिल्काच्या हातांना ते पटलं नाही. महिनाभर उजवीकडे दाबायची सवय लागलेली, त्यामुळे फाटकातून निघताच ती सरळ बर्फाच्या ढिगात गेली. पेंटी कुंपणापाशी उभा होता. त्याने टोपी मागे सारली.

"ढीग यंदा रस्त्याच्या फार जवळ आलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने मुद्दाम अंगणात उतरून मागे पाहिलं. ताज्या बर्फात दोन रेघा होत्या. मागचं चाक पुढच्या ठशात पाऊल टाकत आलेलं, जसा टाउनो बर्फात तिच्यासाठी पुढे चालत वाट करायचा आणि ती त्याच्या पावलांत पाऊल टाकत यायची. ती थोडा वेळ उभी राहिली. मग थंडी वाजली म्हणून आत गेली.

पुढच्या आठवड्यात मार्ता कॉफीला आली. तिने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, आणि तो विरघळेपर्यंत बघत राहिली.

"दुकानात इस्मोची चौकशी करत होते," ती शेवटी म्हणाली.

"हो का?"

"गाजरं पाठवू का म्हणाली, काउंटरवरची. इतक्या लहान वयात, म्हणाली. आणि पोर्चमधले म्हणत होते, खिडक्या विकणाऱ्याला काचेतून बघून बघून होत असेल."

"तू काय सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? तुझा मुलगा आहे. मी म्हटलं, हिल्काला विचारा."

हिल्काने खिडकीतून बाहेर पाहिलं. कोठाराच्या भिंतीला धक्का टेकलेला होता, त्याच्या कडीला निळा दोर. वसंतात तो परत पाण्यात लोटायला इस्मो येणार होता, आणि या वेळी तो रहाट वापरणार होता, अख्खा दिवस, तीन कॉफ्यांसकट. तिने मार्ताचा पेला पुन्हा भरला.

"आता कसं सांगणार," ती म्हणाली. "त्याच्या वडिलांचीही नजर शेवटी जरा कमी झाली होती. आणि गाजर तर कुणालाच वाईट नाही."